ताकद की सुरी

करावे गावातल्या त्या स्टिकरच्या गाळ्यात सगळ्यात जास्त खप 'आई एकवीरा'चा. रिक्षाची मागची काच, बुलेटची टाकी, कधी होडीसुद्धा. त्या दुपारी मात्र प्लॉटरवर चिनी अक्षर चढलं होतं. जिमला जाणाऱ्या एका पोराला स्कूटरवर 'ताकद' हवी होती, तीही चिनीत.

गाळेवाल्या दादांनी त्याने पाठवलेला स्क्रीनशॉट कोरल सॉफ्टवेअरमध्ये घेतला, ट्रेस केला. प्लॉटरचं पातं नुसतं विनायल कापतं, खालचा कागद शाबूत राहतो. मग नको असलेलं विनायल चिमट्याने सोलायचं, वर ट्रान्सफर टेप दाबायची, झालं. 'एकवीरा'तली वेलांटी ऱ्हस्व पडली तर गिऱ्हाईक भांडायला येतं, म्हणून ती दादा दोनदा बघतात. इथे बघायचं काय?

बघण्यासारखं होतं. 'ली', म्हणजे ताकद, हे दोनच रेघांचं अक्षर. एक रेघ आडवी जाऊन खाली वळते, दुसरी तिला छेदून डावीकडे तिरकी उतरते. या तिरक्या रेघेचं टोक आडवीच्या वर डोकावतं. ते डोकावलं नाही की अक्षर होतं 'दाओ': सुरी. स्क्रीनशॉटमध्ये नेमकं तेवढंच टोक उडालं होतं.

यात दादांना दोष देण्यात अर्थ नाही. ट्रेस केलेल्या फाइलमध्ये अक्षर उरतच नाही, उरते आकृती. जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेच्या मासिकाने तर २००८ मध्ये चीन विशेषांकाच्या मुखपृष्ठावर शोभेसाठी चिनी मजकूर छापला, तोही जाणकाराला दाखवून. निघाली नाइट क्लबची जाहिरात. आपल्या लिपीचंही तेच होतं. डेव्हिड बेकहॅमने २००० मध्ये हातावर बायकोचं नाव देवनागरीत गोंदवलं, 'व्हिक्टोरिया'. हिंदीच्या हिशेबाने 'ह' जादा पडला म्हणून जगभर हशा झाला. आपण मात्र व्हिक्टोरिया टर्मिनस वर्षानुवर्षं तसंच लिहिलं. हिंदीत चुकलेला बेकहॅम मराठीत पास!

मी टोकाचं सांगितल्यावर दादांनी कुरकुर न करता दोन नोड वर ओढले आणि नवा तुकडा कापला. पोरगा आला. त्याने मोबाइल शेजारी धरून ताडून पाहिलं.

"दादा, हे फोटोसारखं नाहीये."

मी समजावायला तोंड उघडलं, तोवर दादांनी पहिला तुकडा उचलून सुरी लावूनही दिली.