न उघडलेल्या बाटलीचा सौदा

दुधनीच्या बाजार समितीत तुरीचा सौदा होतो तेव्हा खरेदीदार आधी पोत्यात हात घालतो. मूठभर दाणे तळहातावर पसरतो, एखादा दाताखाली फोडून ओल बघतो आणि मगच भाव बोलतो. जुन्या रेड वाइनच्या लिलावात ही सोय नाही. बूच निघालं की माल संपला. म्हणून तिथे पैसे मोजले जातात ते बाटलीच्या पूर्वचरित्रावर: ती कुणी भरली, कुणाच्या तळघरात किती वर्षं राहिली, तिथे तापमान काय होतं.

हा विषय सोलापूर जिल्ह्याला परका नाही. दुधनी जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, कर्नाटकाच्या सीमेवर. तर पश्चिमेला माळशिरस तालुक्यात, अकलूजच्या परिसरात, फ्रटेली ही वाइनरी आहे. अकलूजचे मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी आणि इटलीचे सेच्ची अशा भावांच्या तीन जोड्यांनी 2007 च्या सुमारास ती उभी केली. सुमारे 240 एकरांवर परदेशातून आणलेल्या वाणांच्या बागा लावल्या. खरड छाटणी उन्हाळ्याच्या तोंडावर, फळछाटणी पावसाळा सरताना आणि काढणी थंडीत, हे वेळापत्रक मात्र आपल्या द्राक्ष बागायतदाराचंच. इटलीतल्या तस्कनीचे पिएरो मासी यांनी इथे सांजोव्हेझे आणि कॅबर्ने सोव्हिन्यों या द्राक्षांपासून ‘सेत्ते’ ही रेड वाइन घडवली. फ्रेंच ओकच्या पिंपात मुरवलेली, काही वर्षं राखून ठेवावी अशी ही वाइन.

राखून ठेवल्यानं होतं काय? द्राक्षाच्या साली-बियांतून उतरलेलं टॅनिन नव्या वाइनला तुरट करतं. बाटलीत वर्षानुवर्षं टॅनिनचे आणि रंगद्रव्याचे रेणू एकमेकांत गुंफले जातात, जड होतात आणि गाळ बनून तळाशी बसतात. तुरटपणा मवाळ होतो. जांभळट लाल रंग विटकरी होत जातो. ताज्या फळांचा वास मागे पडून सुकी पानं, चामडं, तंबाखू यांचे गंध वर येतात. पण बहुतेक वाइन काही वर्षांतच पिऊन टाकायची असते. दशकं सोसण्याइतकं टॅनिन, आम्लता आणि सत्त्व थोड्याच बाटल्यांत असतं.

त्यांनाही 12-13 अंशांचा स्थिर गारवा, अंधार आणि थोडी ओलसर हवा लागते. बूच भिजलेलं राहावं म्हणून बाटली आडवी ठेवतात. सोलापुरात मे महिन्यात पारा 42 अंशांपुढे जातो; अशा उष्म्यात साध्या कपाटात ठेवलेली बाटली एका उन्हाळ्यात बिघडू शकते.

लिलावघराचा जाणकार बाटली उजेडासमोर धरतो, तो आधी वाइनची पातळी पाहायला. बुचातून वाइन अगदी सावकाश उडत असते. पन्नास वर्षांच्या बोर्दो वाइनची पातळी मानेपासून खांद्यापर्यंत उतरली तर ते वयाला शोभतं. खांद्याच्या बरीच खाली गेली तर भाव पडतो. गळ्यापर्यंत भरलेली दिसली, तर मध्यंतरी बूच बदललं होतं का, हे विचारावं लागतं.

या जाणकारीला संस्थेचं रूप आलं ते लंडनच्या क्रिस्टीजमध्ये. मायकेल ब्रॉडबेंट यांनी 1966 मध्ये तिथला वाइन विभाग नव्यानं सुरू केला. पुढे 2018 मध्ये न्यूयॉर्कला सदबीजच्या लिलावात 1945 च्या रोमाने-कोंतीची एक बाटली 5,58,000 डॉलरला गेली.

भाव चढले तसे भामटेही आले. 1985 मध्ये क्रिस्टीजनं 1787 ची लाफीत 1,05,000 पौंडांना विकली. बाटलीवर ‘टीएच. जे.’ अशी अक्षरं कोरलेली होती आणि ती थॉमस जेफरसन यांची असल्याचं मानलं गेलं. पुढे अशाच बाटल्या घेतलेल्या बिल कोक यांनी तपास लावला, तेव्हा ही अक्षरं विजेवर चालणाऱ्या अवजारानं कोरल्याचं तज्ज्ञांनी सांगितलं. 2008 मध्ये रूडी कुर्नियावान यानं न्यूयॉर्कच्या लिलावात पोंसो घराण्याची ‘क्लो सँ-देनी’ आणली. त्यातल्या काही बाटल्यांवर 1945 साल होतं. ही वाइन आपल्या घराण्यानं 1980 च्या दशकात करायला घेतली, हे सांगायला लोराँ पोंसो स्वतः तिथे पोहोचले आणि त्या बाटल्या मागे घेतल्या गेल्या. कुर्नियावानला 2014 मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली.

पोंसो यांनी बनावट बाटली ओळखली ती चव घेऊन नव्हे, घराण्याचा इतिहास ठाऊक होता म्हणून. मला यात आपल्यासाठी मोठा धडा दिसतो. महाराष्ट्रातला वाइन उद्योग तरुण आहे. जुन्या बाटल्यांचं वैभव आपल्याकडे नाही, पण पहिल्या हंगामापासून चोख हिशेब ठेवण्याची संधी आहे. प्रत्येक चांगल्या हंगामातल्या काही पेट्या वाइनरीनं स्वतःच्या गार कोठारात राखाव्यात. छाटणीच्या तारखा, काढणीचा दिवस, पिंपातला काळ, भरलेल्या बाटल्यांची संख्या आणि कोठाराचं तापमान हे सगळं वहीत उतरवावं. दर काही वर्षांनी एक बाटली उघडून ती कशी बदलतेय याची नोंद करावी. हे काम खर्चिक आहे आणि त्याचं फळ पुढच्या पिढीच्या पदरात पडेल. पण उद्या अकलूजची एखादी बाटली लिलावात उभी राहिली, तर तिची कुंडली मांडता यायला हवी. ती लिहायला आजच बसावं लागेल.