लाकडी फळीवरील मोटार-शर्यत

विजेवर पळणाऱ्या चिमुकल्या मोटारींची शर्यत म्हणजे निव्वळ पोरखेळ, असा पुष्कळ वडीलधाऱ्यांचा समज आहे. प्लास्टिकच्या तुकड्यांचा मार्ग हट्टाने घरात यावा आणि महिन्याभरात कपाटावर धूळ खात पडावा, हे ज्यांनी पाहिले असेल त्यांस आम्ही दोष देत नाही. परंतु हाताने घडविलेल्या लाकडी मार्गाची गोष्ट निराळी आहे. मुंबईस आपल्या समाजातील कितीतरी हात सुतारकामात व रेल्वेच्या कारखान्यांत घडले. तेव्हा हा छंद वाचकांपुढे ठेवणे आम्हांस अप्रस्तुत वाटत नाही.

फ्रेड फ्रान्सिस ह्या इंग्रज कारखानदाराने १९५७ साली हॅरोगेट येथील खेळण्यांच्या प्रदर्शनात ‘स्केलेक्स्ट्रिक’ मांडले आणि हा खेळ घरोघरी गेला. मार्गात एक खाच असते, गाडीच्या पोटाखालील पाते तीत उतरते. खाचेच्या दोन्ही अंगांना धातूच्या पट्ट्या असतात व त्यांतून १२ व्होल्टची वीज मोटरीस मिळते. हातातील चाप दाबावा तशी गाडी धावते. चाप सोडताच मोटरीची दोन्ही टोके परस्परांस जोडली जातात, फिरती मोटर डायनॅमोसारखी वागू लागते व गाडीस आवरते.

१९८८ पासून स्केलेक्स्ट्रिकच्या गाड्यांखाली लोहचुंबक बसविण्यास आरंभ झाला. पोलादी पट्टी त्यास खेचून धरी, म्हणून चाप दाबूनच ठेवला तरी गाडी वळण घेई. घरगुती लाकडी मार्गावर बहुधा तांब्याची पट्टी चिकटवितात, आणि तांब्यास लोहचुंबक धरीत नाही! तेथे गाडीस सावरणारे एक बोट तेवढे उरते. मागची चाके किती घसरू द्यावयाची हे त्या बोटाने ठरवावयाचे असते. आमच्या मते सारी गोडी ह्यातच आहे.

मार्ग करणे अवघड नाही, मात्र उतावीळपणा चालत नाही. प्लायवूड किंवा एम.डी.एफ.च्या फळीवर लवचीक पट्टी वाकवून खिळ्यांनी बसवावी व तिच्या कडेने राऊटर फिरवून सुमारे ३ मिलिमीटर रुंदीची खाच पाडावी. दोन फळ्यांच्या सांध्यावर केसाएवढा उंचवटा राहिला तरी गाडी तेथे उडते. एम.डी.एफ. पाण्याने फुगते, म्हणून कडांनाही रंग द्यावा.

न्यायाचा प्रश्न त्याहून मोठा. दोन खाचांत ९ सेंटिमीटर अंतर ठेवल्यास, मार्ग कितीही नागमोडी असो, बाहेरची खाच आतल्या खाचेहून एका फेरीत ५६ सेंटिमीटरांनी लांब भरते. इंग्रजी आठाच्या आकृतीत, एक बाजू पुलावरून नेली, तर दोन्ही समान होतात. ते जमत नसेल तर प्रत्येकाने प्रत्येक खाचेत गाडी चालवावी, म्हणजे तक्रार उरत नाही.

अमेरिकेत १९६० नंतरच्या काही वर्षांत ह्या खेळाची मोठी लाट आली होती. आठ-आठ खाचांचे प्रचंड लाकडी मार्ग भाड्याने मिळत. पण वेगाचा हव्यास वाढला, नवखा मुलगा दाराशीच नाउमेद होऊ लागला, आणि दशक संपता संपता बहुतेक केंद्रांना टाळे लागले. १५५ फुटांची फेरी आज दोन सेकंदांच्या आत पुरी करणारे आहेत. घरी त्याची बरोबरी करू नये. मोटर मंद असावी, म्हणजे दहा वर्षांचा नातू व त्याचे आजोबा एका शर्यतीत राहतील.

ज्याची फेरी संपली त्याने वळणापाशी उभे राहावे आणि खाचेबाहेर पडलेली गाडी, मग ती प्रतिस्पर्ध्याची का असेना, त्वरेने जागेवर ठेवावी, अशी ह्या खेळाची रीत आहे. आजोबांना त्यासाठी खुर्ची द्यावी. आणि फळी भिंतीस अगदी लावून ठेवू नये, पलीकडच्या वळणापर्यंत हात पोहोचला पाहिजे.