ओटा चार इंच वर!

मॉड्युलर किचनचं कोटेशन वाचून घाम फुटलाय? थांबा. १९८९ सालचं स्वयंपाकघर, ५० हजारांचं बजेट आणि मे महिन्याआधी काम संपवायची घाई. आमच्या घरातला हा प्रयोग तुमच्याही कामी येईल.

कोटेशन होतं २ लाख ८० हजारांचं. गुळगुळीत कागद, थ्रीडी चित्र, चित्रात चकचकीत लाल शटर्स आणि ओट्यावर काचेच्या बाऊलमध्ये तीन हिरवी सफरचंदं. शोरूममधला मुलगा गोड बोलत होता, ईएमआयही समजावून सांगत होता. मी आईकडे पाहिलं. आई त्या सफरचंदांकडे पाहत होती. बाहेर पडल्यावर ती एवढंच म्हणाली, "आपल्या घरी पोळपाट कुठे ठेवाचा, ते नाही दाखवलं त्यानं."

झालं! मॉड्युलरचा विषय तिथेच संपला. पण किचनचा विषय संपण्यासारखा नव्हता.

आमचा फ्लॅट प्रतापनगर भागातला, तिसऱ्या आणि सगळ्यात वरच्या मजल्यावर. बाबांनी १९८९ मध्ये घेतला. स्वयंपाकघर सात बाय नऊ. काळ्या कडाप्प्याचा ओटा, त्यामागे दोन फूट पांढऱ्या सहा बाय सहाच्या टाईल्स (आता पांढऱ्या म्हणायच्या फक्त), कोपऱ्यात उथळ सिंक, भिंतीवर स्टीलची मांडणी आणि पश्चिमेला एक खिडकी. नागपुरात पश्चिमेची खिडकी म्हणजे काय, हे नागपूरकरांना सांगायला नको. २०१३ च्या मे महिन्यात इथला पारा ४७.९ अंशांवर गेला होता. तेव्हाही या खिडकीसमोर दोन्ही वेळच्या पोळ्या होतच होत्या.

गेल्या वर्षी मी पुण्यातली नोकरी सोडून नागपूरला परत आलो आणि फ्रीलान्सिंग सुरू केलं. त्याच सुमारास आईच्या कमरेला पट्टा लागला. डॉक्टरांनी सांगितलं, वाकून काम करू नका. आई हसली. दोन आठवडे स्वयंपाक मी करायचा, असं ठरलं. तिसऱ्या दिवशी कणीक मळताना माझीच कंबर धरली. वय वर्षं २८! तेव्हा पहिल्यांदा टेप आणून ओटा मोजला. उंची २९ इंच. या ओट्यासमोर आई तीस-पस्तीस वर्षं उभी होती, आणि मी मात्र तिथे फक्त पाणी प्यायला जात होतो.

नवीन लॅपटॉपसाठी बाजूला ठेवलेले ५० हजार होते. आई म्हणाली, "अरे, चांगलं तं आहे. कायले पैसे घालवून राहिला?" मी म्हटलं, लॅपटॉप अजून एक वर्ष चालेल. खरं तर तो चालेलच याची खात्री नव्हती.

आधी थोडा इतिहास

छोट्या किचनचं टेन्शन फक्त आपल्यालाच आहे असं समजू नका. १९२६ मध्ये जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहरात कामगारांसाठी स्वस्त घरं बांधायला घेतली, तेव्हा मार्गारेटे श्युट्टे-लिहोत्स्की या तरुण आर्किटेक्टला स्वयंपाकघराचं डिझाईन करायचं होतं. जागा किती? जेमतेम १.९ मीटर बाय ३.४ मीटर. तिने आदर्श म्हणून डोळ्यासमोर ठेवलं ते रेल्वेच्या डायनिंग कारमधलं किचन. एवढ्याशा जागेत इतक्या लोकांचं जेवण निघतं, म्हणजे प्रत्येक वस्तूची जागा नीट ठरलेली असणार, हा तिचा फंडा. ही 'फ्रँकफर्ट किचन' सुमारे दहा हजार घरांत बसली. आजच्या मॉड्युलर किचनची आजीबाई म्हणजे हीच.

दुसरं उदाहरण अमेरिकेतलं. तिकडे कारखान्यात बनवून गाडीने ओढत नेलेली 'मोबाइल होम्स' असतात. १९७६ पासून त्यांच्यासाठी देशभर एक नियमावली आहे, पण जुन्या घरांच्या आतल्या भिंती पातळ पॅनलच्या. त्यावर जड कपाटं ठोकायची सोय नाही. त्यामुळे बजेट कमी असलं की तिथली माणसं सांगाडा तोच ठेवतात आणि दारं, रंग, हँडल्स, नळ बदलतात. आपल्याकडच्या जुन्या फ्लॅट्सची गोष्ट फार वेगळी नाही. स्वयंपाकघर आणि बेडरूममधली भिंत बऱ्याचदा चार इंची असते. तिच्यावर भरगच्च कपाटं टांगण्याआधी दहादा विचार करा.

थोडक्यात काय, सांगाडा ठेवा आणि त्रास बदला. आम्ही तेच ठरवलं.

एक ओटा, दोन उंच्या

आमचे मिस्त्री साठीचे. त्यांनी ओट्यावर हाताने टकटक केली आणि म्हणाले, "भाऊ, कडाप्पा एकदम सॉलिड आहे. हे तोडाचं काहीच काम नाही." मग त्यांनी आईला ओट्यासमोर उभं केलं, कोपरात हात दुमडायला लावला आणि जमिनीपासून कोपरापर्यंत माप घेतलं. ३८ इंच. कोपराच्या खाली चार-पाच इंचांवर काम आलं की पाठ सरळ राहते. म्हणजे आईला ओटा हवा ३३ इंचांचा.

मी लगेच म्हटलं, सगळा ओटा उचलू. मिस्त्री म्हणाले, "मग वहिनी गंजात डोकावणार कशा?" मुद्दा बरोबर होता. शेगडीचीच उंची चार-पाच इंच असते, तिच्यावर पातेलं. गॅसची बाजू उंच केली तर फोडणी देताना खांदे वर उचलावे लागतात. उलट सिंकचा तळ ओट्याच्या खाली जातो, म्हणून भांडी घासताना माणूस सगळ्यात जास्त वाकतो. तेव्हा गॅसची साडेतीन फुटांची बाजू होती तशीच ठेवली. उरलेल्या साडेपाच फुटांखालच्या विटांच्या भिंतींवर विटांचा एक थर चढवला, जुना कडाप्पा परत ठेवला आणि त्यावर ग्रॅनाइट बसवलं. चार इंच वर!

ग्रॅनाइट फक्त ११ चौरस फूट लागलं. एवढ्यासाठी अख्खी स्लॅब घ्यायची गरज नसते. दगडाच्या दुकानाच्या मागच्या बाजूला मोठ्या कामांतून उरलेले तुकडे उभे करून ठेवलेले असतात. माप कागदावर लिहून न्या आणि 'कटपीस आहे का?' असं सरळ विचारा.

तोडफोड कमी, पैसे कमी

जुन्या टाईल्स फोडल्या की मलबा, मजूर, प्लास्टर असा सगळा खर्च वाढत जातो. मिस्त्रींनी प्रत्येक टाईल नाण्याने वाजवून पाहिली. पोकळ आवाज आला तेवढ्याच काढल्या, बाकीच्यांवर टाईल ॲडहेसिव्हने नवीन टाईल चिकटवली. नवीन टाईल्स 'डेड स्टॉक'मधल्या. कंपनीने डिझाईन बंद केलं की शेवटचे तीन-चार बॉक्स दुकानदाराला नकोसे होतात. मात्र दोन टाईल्स जास्तीच्या घेऊन ठेवा, कारण ते डिझाईन पुन्हा मिळणार नाही.

ओट्याखाली प्लायवूड वापरलं नाही. सिंकची ओल आणि जुन्या बिल्डिंगमधली वाळवी, या दोघांपुढे साधा प्लाय टिकत नाही. प्लायच हवा असेल तर त्यावर आयएस ७१० लिहिलेलं बघा, तो मरीन ग्रेड. लाकूड आणि प्लायच्या चौकशीसाठी लकडगंजमध्ये एक चक्कर मारलीत तर भावाचा अंदाज येतो. आम्ही ॲल्युमिनियमच्या फ्रेमची शटर्स लावली आणि ट्रॉल्या फक्त दोन घेतल्या, एक ताट-वाट्यांची आणि एक डाळींच्या डब्यांची. सिलिंडरच्या शटरला खाली जाळी ठेवली. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळती झाली तर तो खाली साचतो. तो बाहेर पडायला वाट हवीच.

न दिसणारा खर्च

इथे बहुतेक जण काटकसर करतात, कारण वायरिंग फोटोत येत नाही. आमच्या किचनमध्ये एकाच जुन्या बोर्डावर मिक्सर, फ्रिज आणि मायक्रोवेव्ह असा सगळा संसार चालला होता. इलेक्ट्रिशियनने मायक्रोवेव्हसाठी चार चौरस मिलिमीटरची वेगळी वायर टाकली, १६ अँपिअरचे दोन पॉइंट दिले, अर्थिंग तपासलं आणि ३० मिलिअँपिअरला ट्रिप होणारा आरसीसीबी बसवला. ओले हात आणि वीज एकाच खोलीत असतील तर हा खर्च टाळू नका. गॅसची नळीही बदलली. तिच्यावर तारीख छापलेली असते, आज घरी गेल्यावर बघाच.

आणि आता खास नागपुरी टिप. हॉलमधला कूलर जेवढी हवा आत ढकलतो, तेवढी बाहेर जायला जागा लागते, नाहीतर घरात नुसतं दमट होतं. स्वयंपाकघरात नऊ इंची एक्झॉस्ट लावला आणि मधलं दार उघडं ठेवलं, की कूलरची हवा स्वयंपाकघरातून वाहते. वाफ, फोडणीचा ठसका आणि उकाडा, तिन्हींचा एकाच पंख्यात निकाल! पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून हिरवी जाळी बांधली आणि सोसायटीला विचारून गच्चीवर आमच्या डोक्यावरच्या भागाला चुन्याचा हात दिला. ही दोन कामं मी स्वतः केली. फुकटात! (हातांची सालं गेली, ती हिशेबात धरलेली नाहीत. चुना देताना हातमोजे घाला.)

जिथे माझी चूक झाली

सगळं प्लॅनप्रमाणे झालं असतं तर हा लेख कुणी वाचला नसता. सिंक चार इंच वर गेलं, पण भिंतीतला नळ जुन्याच जागी! नवीन सिंकमध्ये कुकर नळाखाली बसेना. टाईल्स लागून झाल्या होत्या. त्यातल्या दोन फोडून नळ वर घ्यावा लागला. ९०० रुपये आणि एक दिवस गेला. मिस्त्रींनी मला आधीच विचारलं होतं, "नळाचं काय?" मी फोनवर होतो, मान डोलावली.

म्हणून कामाचा क्रम पाठच करून ठेवा : आधी प्लंबिंग, मग वायरिंग, मग गवंडीकाम, मग टाईल्स, मग शटर्स आणि शेवटी रंग. आणि प्रत्येक टप्प्याला फोन खिशात.

किचन नऊ दिवस बंद होतं. बाल्कनीत एका बर्नरच्या शेगडीवर वरण-भात व्हायचा. सकाळी बाहेरून तर्री पोहे यायचे. पाचव्या दिवशी आईच म्हणाली, "आता तर्री बस झाली बाप्पा!"

हिशेब

गवंडी आणि हेल्पर, सहा दिवस : ९,९००
सिमेंट, रेती, विटा, ॲडहेसिव्ह, ग्राउट : ४,३००
ग्रॅनाइट कटपीस, कटिंग आणि पॉलिशसह : ३,१००
टाईल्स : ३,६००
सिंक, नळ, प्लंबिंग (चुकीचे ९०० धरून) : ६,२००
वायरिंग : ५,४००
एक्झॉस्ट : १,७००
शटर्स आणि दोन ट्रॉल्या : १३,५००
पुट्टी आणि रंग : ३,८००
मलबा उचलणे : १,२००
एकूण : ५२,७००

जुने पितळी नळ आणि लोखंडी ग्रिल भंगारात देऊन आईने १,१५० रुपये आणले. भंगारवाल्याशी घासाघीस तिनेच केली, मला खाली येऊ दिलं नाही. म्हणजे निव्वळ खर्च ५१,५५० रुपये. बजेटच्या वर १,५५०. आमच्या घरी याला यश म्हणतात.

तुमच्या शहरात, तुमच्या मिस्त्रीचे दर वेगळे असतील. त्यामुळे आकड्यांपेक्षा कोणत्या गोष्टीवर किती हिस्सा गेला ते बघा. सगळ्यात जास्त फरक पडला तो विटांच्या एका थराने, आणि सगळ्यात स्वस्त तोच होता.

मांडणी मात्र तीच आहे. मी ती काढून स्लीक काचेच्या शेल्फ लावणार होतो. आई म्हणाली, तिच्यावरचा प्रत्येक डबा मला अंधारातही सापडतो. फ्रँकफर्टच्या त्या आर्किटेक्टलाही हेच तर हवं होतं! मांडणी घासली, परत टांगली. छान चमकते.

आईचा पट्टा अजून सुटलेला नाही. ओटा म्हणजे काही औषध नव्हे. पण संध्याकाळी भांडी आवरल्यावर ती आधी भिंतीला टेकून पाच मिनिटं डोळे मिटून उभी राहायची, ते आता दिसत नाही. आणि कणीक मी मळतो, आठवड्यातून चार दिवस. ३३ इंच माझ्या उंचीला जरा कमीच पडतात. त्यासाठी दोन इंच जाडीचा लाकडी पाट घेतला, त्यावर परात ठेवतो. किंमत ३५० रुपये. ती वरच्या हिशेबात नाही.

तेव्हा शोरूममध्ये जाण्याआधी एक काम करा. येत्या रविवारी तुमच्या घरातला अख्खा स्वयंपाक तुम्ही करा, भांडीही तुम्हीच घासा. रात्री जिथे दुखेल, तिथून रिनोव्हेशनला सुरुवात करा.