जुन्या नौकेचे झिजलेले फाळके

नौकेला धोका तळातून असतो, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात वीस-पंचवीस वर्षे वापरलेल्या शिडाच्या नौकेत पाणी बहुधा वरून शिरते. डेकवरील उजेडाच्या, हवेच्या आणि ये-जा करण्याच्या झाकणबंद झरोक्यांना इंग्रजीत ‘हॅच’ म्हणतात. त्याला मराठीतील जुना शब्द फाळका. राजूरजवळच्या भंडारदरा जलाशयासारख्या बंदिस्त पाण्यात लाटांचा मारा नसतो. तेथे गळका फाळका म्हणजे पावसाळ्यातली कटकट. खुल्या समुद्रात मात्र टनावारी पाणी डेकवर कोसळते, तेव्हा तेच झाकण नौका आणि समुद्र यांच्यामधला एकमेव अडसर ठरते.

१९७९ च्या फास्टनेट शर्यतीत वादळाने पंधरा स्पर्धकांचा बळी घेतला. त्यानंतरच्या चौकशीत केबिनच्या दाराच्या निसटणाऱ्या फळ्यांचा प्रश्न ठळकपणे पुढे आला. दार व झाकणे आतून-बाहेरून पक्की लावता यावीत, हा तेव्हापासून सागरी नौकानयनाचा प्राथमिक दंडक मानला जातो.

भारतीय नौकानयनालाही हा विषय परका नाही. गोव्यातील दिवाडी बेटावर बांधलेल्या ‘म्हादेई’तून कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्याच नौकेतून २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी यांनी कोठेही न थांबता ती पूर्ण केली. पुढे टॉमी यांनी २०२३ मध्ये ‘गोल्डन ग्लोब’ शर्यतीत दुसरा क्रमांक मिळवला. या शर्यतीत १९८८ पूर्वीच्या आराखड्याच्याच नौका चालतात. जुन्या धाटणीची नौका आजही दक्षिण महासागर ओलांडू शकते. अट एवढीच, की तिचा प्रत्येक सांधा निर्दोष असावा.

झीज कशी होते?

आधुनिक फाळक्याचे तीन भाग असतात : अ‍ॅल्युमिनियमची चौकट, अ‍ॅक्रिलिकची पारदर्शक काच आणि दोहोंना पाणबंद करणारी रबरी पट्टी. उन्हातील अतिनील किरणांनी काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा पडतात आणि ती कमकुवत होते. रबर कडक व चपटे होते. पोलादी स्क्रू आणि अ‍ॅल्युमिनियम खाऱ्या पाण्यात एकत्र आले, की विद्युत-रासायनिक क्रियेने अ‍ॅल्युमिनियम खाल्ले जाते. खरे नुकसान मात्र डोळ्यांआड होते. फायबरच्या अनेक नौकांच्या डेकमध्ये दोन थरांच्या मधोमध हलक्या बाल्सा लाकडाचा गाभा असतो. स्क्रूच्या छिद्रातून झिरपलेले पाणी या गाभ्यात पसरून तो कुजवते. अशा डेकवर पाऊल टाकताच ते मऊ लागते. तोवर दुरुस्तीचा खर्च नव्या फाळक्याच्या कितीतरी पट झालेला असतो.

आधी निदान, मग खरेदी

प्रत्येक गळका फाळका बदलावा लागत नाही. चौकटीच्या कडेला खडू घासून झाकण बंद करावे. रबरावर उमटलेली रेघ जेथे तुटते, तेथे पट्टी टेकत नाही. अशा वेळी केवळ पट्टी बदलून भागते. नवी पट्टी ताणून बसवू नये, कारण ती पुढे आकसते आणि सांधा उघडा पडतो. केवळ काच खराब असेल, तर त्याच जाडीचे ओतीव अ‍ॅक्रिलिक बसवता येते. उन्हात ते प्रसरण पावते, म्हणून कडेला थोडी मोकळी जागा ठेवावी लागते. येथे सिलिकॉन वर्गातील योग्य लुकण वापरावे. पॉलिसल्फाइड अ‍ॅक्रिलिकला बाधते.

चौकटच वाकली किंवा खाल्ली गेली असेल, तर मात्र पूर्ण फाळका बदलणे भाग पडते. त्यासाठी डेकमधील भोकाची लांबी-रुंदी, कोपऱ्यांची गोलाई आणि डेकची जाडी मोजावी. तंतोतंत माप मिळाले नाही, तर किंचित मोठा फाळका घेणे सोयीचे. भोक वाढवता येते, लहान करणे कष्टाचे असते. पुढच्या भागातील फाळका हा आगीच्या वेळी सुटकेचा मार्गही असतो. त्यातून धडधाकट माणूस बाहेर पडू शकला पाहिजे. त्याची बिजागरी नाळेच्या बाजूस असावी, म्हणजे समोरून आलेली लाट झाकण उघडण्याऐवजी दाबूनच बसवते.

बसवण्याची रीत

जुनी चौकट काढल्यावर उघड्या पडलेल्या गाभ्याची तपासणी करावी. कुजलेला भाग खरवडून, पूर्ण वाळवून कडा इपॉक्सीने बंद कराव्यात. स्क्रूची छिद्रे मोठी पाडून, इपॉक्सीने भरून, त्यातच नव्याने बारीक छिद्रे पाडली, की पाण्याची वाट कायमची बंद होते. डेकला बाक असेल, तर प्रथम सपाट बैठक तयार करावी. वक्र पृष्ठावर आवळलेली चौकट पिळवटते आणि नवा फाळकाही पहिल्याच दिवसापासून गळतो. लुकण चारही बाजूंनी सारखे बाहेर येईल इतपतच स्क्रू आवळावेत. सगळे लुकण पिळून निघाले, तर पाणी अडवायला काहीच उरत नाही.

कोकण किनाऱ्यावर या कामाला ऋतूचेही बंधन आहे. दमट हवेत इपॉक्सी नीट बसत नाही आणि ओला गाभा वाळत नाही. त्यामुळे पावसाळ्यात गळती हेरून ठेवावी आणि दुरुस्ती त्यानंतरच्या कोरड्या महिन्यांत करावी. शेवटी पाण्याच्या नळीचा जोरदार झोत मारून, आत एकाने बॅटरी घेऊन तपासणी करावी. धक्क्यावर दिसलेला एक थेंब अर्ध्या तासात बंद करता येतो. भर समुद्रात, रात्रीच्या अंधारात तेवढी सवड मिळेलच असे नाही.