जर्मनीत बिऱ्हाड हलवताना

आपल्या बेटावर घर बदलण्याचा प्रसंग फार थोड्या कुटुंबांवर येतो. मुलाचे लग्न ठरले की आईवडिलांच्या घरावर वरचा मजला चढवायचा आणि नवा संसार तिथेच मांडायचा, ही आपली रीत. आपले आजे-पणजे साखरमळ्यांतल्या कँपांतून निघून गावात आले, आणि १९६० साली कॅरोल वादळाने पत्र्याची व गवताची घरे उडवून नेली तेव्हा अनेकांना सिमेंटच्या घरांत जावे लागले. आपल्या घरबदलाची कहाणी बहुतेक एवढीच. पण आता आपली मुले शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी युरोपात जाऊ लागली आहेत. तिथे बिऱ्हाड कसे हलवतात हे घरच्या वडीलधाऱ्यांनाही ठाऊक असलेले बरे, म्हणून आज जर्मनीतल्या मराठी कुटुंबांच्या या अनुभवाविषयी लिहीत आहे.

जर्मनी मराठी माणसाला परका देश नाही. इरावतीबाई कर्वे १९२८ ते १९३० या काळात बर्लिनला शिकल्या आणि तिथूनच डॉक्टरेट घेऊन परतल्या. स्टुटगार्ट आणि मुंबई ही शहरे १९६८ पासून भगिनी-शहरे आहेत. पुण्यात तर ब्रेमेन चौकच आहे. आज स्टुटगार्ट, म्युनिक, फ्रँकफर्ट या भागांत पुण्या-मुंबईचे पुष्कळ इंजिनियर आणि संगणकतज्ज्ञ सहकुटुंब राहतात. त्या देशात निम्म्याहून अधिक लोक भाड्याच्या घरात राहतात आणि त्याची त्यांना मुळीच लाज वाटत नाही. नोकरीचे गाव बदलले किंवा घरात पाळणा हलला, की घर बदलायचे.

आपल्याकडे सारे विधी नव्या घरात शिरण्याचे. मुहूर्त, कलश, वास्तुशांत, सत्यनारायण. जुने घर सोडताना आपण कुलूप लावतो, उंबऱ्याला हात लावून नमस्कार करतो आणि निघतो. जर्मनांचे याच्या उलट आहे. त्यांचे खरे विधी घर सोडण्याचे आहेत, आणि तिथे चूक झाली तर हजारो युरोंचा फटका बसतो.

पहिला विधी नोटिशीचा. घर सोडणाऱ्या भाडेकरूने तीन महिने आधी सूचना द्यावी असा कायदा आहे. ती कागदावर, स्वतःच्या सहीने द्यायची. ई-मेल किंवा मोबाईलवरचा निरोप ग्राह्य धरत नाहीत. पत्र जानेवारीच्या तिसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत घरमालकाच्या हाती पडले तर मार्चअखेर सुटका. एक दिवस उशीर झाला की एप्रिलचेही भाडे भरायचे. आणि नवे घर फेब्रुवारीपासून घेतले असेल, तर इतके दिवस दोन घरांचे भाडे चालू! आपल्या जागी तीन नवे भाडेकरू दाखवले की लगेच मोकळे होता येते, असा समज तिथे सर्वत्र पसरलेला आहे, पण कायद्यात तसे काहीही नाही. घरमालकाने खुशीने मान्य केले तर गोष्ट वेगळी.

दुसरा विधी अनामत रकमेचा. जर्मनीत भाडे दोन प्रकारचे: थंड भाडे आणि गरम भाडे. ऐकायला गंमत वाटते, पण अर्थ सरळ आहे. थंड म्हणजे नुसत्या जागेचे. गरम म्हणजे त्यात घर तापवण्याचा, पाण्याचा, जिन्याच्या सफाईचा वगैरे खर्च मिळवलेला. अनामत ही जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या थंड भाड्याएवढी घेता येते. थंड भाडे १००० युरो असेल तर ३००० युरो. ती तीन मासिक हप्त्यांत देण्याचा भाडेकरूला हक्क आहे, हे नव्याने गेलेल्या कितीतरी जणांना माहीत नसते. घरमालकाने ती रक्कम स्वतःच्या पैशांत न मिसळता वेगळी ठेवायची असते आणि तिचे व्याजही भाडेकरूचेच. मात्र जुन्या घराची अनामत हाती येण्याआधी नव्या घराची भरावी लागते. बिऱ्हाड हलवताना तरुण जोडप्यांची ओढाताण होते ती इथे. सामान नेण्याचा खर्च त्यामानाने किरकोळच म्हणायचा.

ती अनामत परत मिळणे हे शेवटच्या दिवसावर अवलंबून असते. घरमालक येतो, दोघे मिळून खोली-खोली पाहतात आणि कागदावर नोंद करतात. भिंतीवर खिळ्यांची भोके किती, फरशीवर ओरखडा कुठे, वीज-पाण्याच्या मीटरचे आकडे काय, किल्ल्या किती परत केल्या. पुष्कळ इमारतींत एकाच मालिकेची कुलुपे असतात. त्यातली किल्ली हरवली तर खर्च मोठा येतो. शहाणी माणसे घर घेतानाच अशी नोंद करून, फोटो काढून ठेवतात. मग आधीचा ओरखडा आपल्या माथी येत नाही.

भिंतींचे प्रकरण तर न्यायालयापर्यंत गेलेले आहे. ठरावीक वर्षांनी रंग काढलाच पाहिजे अशी करारातली ताठर अट चालणार नाही, असे जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २००४ साली सांगितले. घर न रंगवता ताब्यात दिले असेल आणि त्याची योग्य भरपाई दिली नसेल, तर भाडेकरूवर रंगाचा बोजा टाकता येणार नाही, असा निर्णय २०१५ मध्ये आला. परंतु २०१३ च्या निकालाने उलट बाजूही स्पष्ट केली: पांढऱ्या भिंती लाल, पिवळ्या, निळ्या करून तशाच सोडून गेलात तर भरपाई द्यावी लागेल. देवघराची भिंत केशरी करायची हौस आपल्या लोकांना असते. जरूर करा, पण निघताना पांढरा रंग काढण्याचा खर्च आधीच धरून ठेवा.

आता नवे घर. दार उघडून आत जावे तर स्वयंपाकघरात भिंतीतून डोकावणारे नळ आणि वायर, बाकी काही नाही! ओटा नाही, शेगडी नाही, कपाट नाही. छतालाही दिव्याच्या नुसत्या तारा लोंबत असतात. सगळीकडे असे नसते, पण पुष्कळ ठिकाणी भाडेकरू आपले स्वयंपाकघर उचलून सोबत नेतो, किंवा मागून येणाऱ्याला विकून जातो. म्हणून घर पाहायला जाल तेव्हा पहिला प्रश्न विचारायचा तो स्वयंपाकघराचा. जुने विकत मिळत असेल तर माप आणि किंमत लिहून घ्यावी. नवे मागवले तर येईपर्यंत आठवडे लागू शकतात, आणि विजेची मोठी शेगडी जोडायला इलेक्ट्रिशियनच बोलवावा लागतो. तोवर एका तबकडीच्या छोट्या शेगडीवर वरण-भात.

सामान हलवण्याचे काम बहुधा मित्रमंडळीच करतात. माणसे लावणे महाग पडते. साडेतीन टनांपर्यंतची व्हॅन साध्या मोटारीच्या परवान्यावर चालवता येते; मात्र युरोपीय संघाबाहेरचा परवाना तिथे राहायला गेल्यापासून सहाच महिने चालतो. घरासमोर व्हॅन उभी करण्यासाठी नगरपालिकेची परवानगी काढून काही दिवस आधी फलक लावता येतो. आणि रविवारी काहीही करू नये. दुकाने बंद, ड्रिलचा आवाज बंद, शेजारी तक्रार करायला मोकळे.

नव्या घरी गेल्यावर दोन आठवड्यांत नगर कार्यालयात जाऊन पत्ता नोंदवणे सक्तीचे आहे. सोबत घरमालकाने सही केलेला दाखला लागतो. नुसता भाडेकरार चालत नाही. परदेशी माणसाच्या राहण्याच्या परवान्यावरही नवा पत्ता चढवून घ्यावा लागतो. याहून साधी पण विसरली जाणारी गोष्ट म्हणजे घंटीवरचे आणि टपालपेटीवरचे नाव. जर्मन पत्त्यात बहुधा फ्लॅटचा क्रमांक नसतो. पोस्टमन आडनाव वाचून पत्र टाकतो. आपली लांबलचक आडनावे त्या चिमुकल्या पट्टीत बसवायची म्हणजे कसरतच, पण नाव नसेल तर बँकेचे आणि सरकारचे पत्र परत जाते.

गृहप्रवेशाचे काय? खोल्यांत धुराची सूचना देणारी यंत्रे बसवणे तिथे कायद्याने बंधनकारक आहे, त्यामुळे होम पेटवला की सारी इमारत जागी होण्याचा धोका. यंत्र बंद करून ठेवू नये, धूर टाळावा. समई, कलश आणि नव्या घरात दूध उतू घालवणे यांना काहीच अडचण नाही. तेही त्या एका तबकडीच्या शेगडीवर होते.

जर्मनांचाही एक सुंदर रिवाज आहे. नव्या घरी गेलेल्यांना पाव आणि मीठ भेट देतात, घरात अन्नाला कधी तुटवडा पडू नये म्हणून. एखादी शेजारीण टोपली घेऊन दाराशी आली तर गोंधळून जाऊ नये. आपल्याकडे भांडे रिकामे परत करत नाहीत. तेव्हा चार बेसनाचे लाडू आधीच वळून ठेवावेत. ते रविवारी केले तरी चालतील, लाडू वळताना आवाज होत नाही.