तारा फाटका दिसला म्हणून दुर्बीण माळ्यावर टाकू नका

विहाराच्या अभ्यासिकेला कुणी दुर्बीण भेट दिली की मुलांची झुंबड उडते. मग ती रिक्षातून, जिन्यावरून चार ठिकाणी फिरते आणि एके रात्री तारा टिंबासारखा न दिसता एका बाजूला शेपूट फुटल्यासारखा दिसतो. ‘जुनीच होती, बिघडली’ म्हणून ती माळ्यावर जाते. आपल्या वाट्याला अशाच वस्तू येतात, एवढेच मुले त्यातून शिकतात. हे आम्हाला मान्य नाही.

न्यूटनने १६६८ मध्ये बनवली त्या जातीच्या दुर्बिणीत दोन आरसे असतात : तळाशी मोठा अंतर्वक्र, तोंडाजवळ लहान तिरका. हादऱ्यांनी ते कलतात. ते पुन्हा एका रेषेत आणणे म्हणजे कॉलिमेशन. त्याला बहुधा एक स्क्रू ड्रायव्हर आणि दोन माणसे पुरतात.

हे काम दिवसा करावे. दुर्बीण उजळ भिंतीकडे वळवावी, सूर्याकडे कधीही नाही. नेत्रभिंग काढून त्या जागी कॅमेऱ्याच्या रोळाची जुनी डबी बसवावी. तिचे बूड कापून झाकणाच्या मधोमध बारीक भोक पाडावे. भोकातून पाहत आधी लहान आरशाचे स्क्रू फिरवावेत. मोठा आरसा त्यात पूर्ण गोल आणि मधोमध दिसला पाहिजे. मग एकाने पाहावे, दुसऱ्याने मोठ्या आरशामागचे तीन स्क्रू थोडेथोडे फिरवावेत. आरशावरच्या मध्यखुणेत भोकाचे प्रतिबिंब आले की थांबावे. आरसा फडक्याने पुसू नये. त्याचा चकाकता थर वरच असतो.

रात्री दुर्बीण अर्धा तास बाहेर ठेवून निवू द्यावी. मग ध्रुवतारा पाहावा. तो जागेवरून फारसा हलत नाही. मुंबईतून क्षितिजापासून सुमारे १९ अंशांवर, नागपुरातून २१ अंशांवर सापडतो. तो मधोमध घेऊन प्रतिमा किंचित अस्पष्ट करावी. वलये एकात एक, समकेंद्री दिसली तर काम झाले. एका बाजूला सरकली असतील तर मागचा स्क्रू जरासा फिरवून तारा पुन्हा मध्ये आणावा आणि परत पाहावे. कडेचे तारे थोडे ताणलेले दिसणारच. पारख मधल्या ताऱ्यावरूनच करावी.

धम्म सांगतो, या आणि स्वतः पाहा. मग स्क्रू ड्रायव्हर मुलांच्या, मुलींच्याही हाती द्या. स्वतः नीट केलेल्या दुर्बिणीतून शनीचे कडे पाहणारे मूल त्याच शनीच्या साडेसातीला भिणार नाही.