भाग ९ : गाडी मागे घेताना क्लच किती सोडायचा?

मागच्या भागात आपण चढावर गाडी कशी उचलायची ते पाहिलं. आजचा प्रश्न आमच्या अपार्टमेंटमधल्या एका काकूंचा आहे. काकू मूळच्या बेळगावच्या, बेंगळुरूत बरीच वर्षं आहेत, आणि वयाच्या बावन्नाव्या वर्षी गाडी शिकल्या. लायसन्स मिळालं, मल्लेश्वरमपर्यंत एकट्या जाऊन येतात. पण गाडी मागे घ्यायची वेळ आली की मुलाला हाक मारतात. त्या म्हणाल्या, "शिकवणारे सर सांगायचे, क्लच दाबूनच ठेवा. मुलगा म्हणतो, सोडून द्या, गाडी आपोआप जाते. खरं काय?"

दोघांचंही अर्धं खरं आहे. का, ते आधी समजून घेऊ.

रिव्हर्स गिअर ताकदीला जवळजवळ पहिल्या गिअरइतकाच असतो. साध्या छोट्या पेट्रोल गाडीत रेस न देता इंजिन मिनिटाला सुमारे ८०० फेरे मारतं. रिव्हर्समध्ये इंजिनचे साधारण साडेतेरा फेरे झाले की चाकाचा एक फेरा होतो. म्हणजे चाक मिनिटाला ५९-६० वेळा फिरतं. चाकाचा घेर पावणेदोन ते दोन मीटर. गुणाकार केला तर वेग येतो ताशी ६ ते ७ किलोमीटर, म्हणजेच सेकंदाला जवळजवळ दोन मीटर. हे ऍक्सिलरेटरला पाय न लावता, नुसता क्लच पूर्ण सोडल्यावर!

रस्त्यावर हा वेग काहीच नाही. पण मागची भिंत दीड मीटरवर असेल तर? "अरे, भिंत!" असं मनात येऊन पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद जातो, आणि तेवढ्यात गाडी भिंतीला लागलेली असते. म्हणून पार्किंगमध्ये क्लच पूर्ण सोडायचा नाही.

मग चालवायचं कशावर? हाफ क्लचवर. क्लच दाबला की इंजिन आणि चाकं यांचा संबंध तुटतो. हळूहळू सोडत आणला की एका जागी क्लच प्लेट पकडायला लागते. इंजिनचा आवाज किंचित खाली येतो, गाडीला बारीकशी थरथर जाणवते. त्या जागी पाय थांबवा. केसभर वर घेतला की गाडी सरकते, केसभर दाबला की मंदावते. टाच जमिनीला टेकलेली ठेवा आणि हालचाल घोट्यातून करा. उजवा पाय मात्र ब्रेकवरच राहू द्या. सपाट जागेवर रेसची गरजच नसते.

हे मी पुस्तकी सांगत नाही. २०११ साली आम्ही राजाजीनगरच्या एका क्रॉसमध्ये राहायचो. तीस बाय चाळीसचा प्लॉट, गेटसमोर गटार, गटारावर दगडी फरशा आणि त्यांचा छोटासा चढ. बेंगळुरूच्या जुन्या वस्त्यांत घरोघरी हेच चित्र. एका सकाळी मी घाईत गाडी मागे घेत होतो. मागचं चाक फरशीच्या कडेला अडलं, म्हणून रेस दिली. मान मागे वळवलेली, त्यामुळे कंबर वळली, टाच उचलली गेली आणि क्लचवरचा पाय सटकला. गाडी एकदम उसळून समोरच्या घराच्या पायरीवर आदळली. मध्ये शेजारच्या चार वर्षांच्या मुलीची तीन चाकी सायकल होती, तिचा चेंदामेंदा झाला. मिनिटभरापूर्वीच आजीने तिला दूध प्यायला आत नेलं होतं. त्या आजी मला एक शब्दही बोलल्या नाहीत. नुसत्या सायकलीकडे बघत राहिल्या. त्या दिवसापासून मी गाडी मागे घेण्याआधी खाली उतरून मागे एक चक्कर मारतो.

म्हणून आता चढ-उताराचं नीट ऐका.

मागे चढ असेल तर, म्हणजे फरशीवर किंवा रॅम्पवर गाडी उलटी चढवायची असेल तर, आधी हँडब्रेक ओढा. थोडी रेस द्या, क्लच पकडतो त्या जागेपर्यंत आणा, मग हँडब्रेक सोडा. चढावर नुसत्या हाफ क्लचवर गाडी थोपवून धरू नका. प्लेट घासून तापते आणि जळका वास येतो. थांबायचं असेल तर ब्रेक लावा.

मागे उतार असेल, बेसमेंटमध्ये उलटं उतरायचं असेल, तर काकूंच्या सरांचं बरोबर. गाडी स्वतःच्या वजनाने जाते, तिचा वेग ब्रेकने सांभाळायचा, आणि इंजिन बंद पडू नये म्हणून क्लच दाबलेला. पण इंजिन चालूच पाहिजे. ते बंद पडलं की एक-दोनदा दाबल्यावर ब्रेक कडक होतो आणि स्टिअरिंगही जड होतं.

आणखी एक. पुष्कळ गाड्यांत रिव्हर्स गिअरला पुढच्या गिअरांसारखी दाते जुळवून घेणारी सोय नसते. म्हणून गाडी पूर्ण थांबवा, क्लच तळापर्यंत दाबा, दोन सेकंद थांबा, मग गिअर टाका. कर्रर्र आवाज आला तर जोर करू नका. न्यूट्रलला या, क्लच सोडा, पुन्हा दाबा आणि परत टाका.

गडबड झाली, काही सुचेना, तर एकच सूत्र : दोन्ही पाय खाली. क्लचही, ब्रेकही. आपण घाबरलो की पाय उचलतो. नेमकं तेच करायचं नाही.

हल्लीच्या गाड्यांना मागे सेन्सर असतात. १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना ते सक्तीचेच आहेत. वॉचमनही मागे उभा राहून "बर्ली, बर्ली" म्हणत असतो, म्हणजे आपलं "येऊ द्या, येऊ द्या". दोघांचीही मदत घ्या, पण भिस्त ठेवू नका. सेन्सर फक्त वाजतो आणि वॉचमन फक्त ओरडतो. गाडी थांबवणारा पाय तुमचाच असतो.

आता घरचा अभ्यास. रविवारी सकाळी रिकामं मैदान गाठा. गाडीच्या बरंच मागे पाण्याच्या दोन रिकाम्या बाटल्या उभ्या करा. रेस न देता, फक्त क्लचवर, मुंगीच्या चालीने मागे या आणि हातभर अंतरावर थांबा. असं वीस वेळा करा. काकूंनी तीन रविवार केलं. पहिल्या दिवशी पाच बाटल्या चेपल्या. परवा त्यांनी दोन खांबांच्या मधे गाडी स्वतः लावली, आणि मुलाला हाक मारली ती फक्त बघायला.

पुढच्या भागात आरसे कसे लावायचे ते पाहू. तोवर सावकाश चालवा, आणि मागे घेताना त्याहूनही सावकाश. नमस्कार.